चौसष्टाव्या बातमीचं पुढे काय झालं?

"सर मीटिंगमध्ये आहेत."

विभागाच्या कार्यालयातल्या बाईंनी संगणकावरून नजरही न उचलता सांगितलं. त्या आठवड्यात हे वाक्य समोर उभी असलेली विद्यार्थिनी चौथ्यांदा ऐकत होती. सरांच्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं आणि आत सर फोनवर कुणाला तरी आपल्या नव्या गाडीचं कौतुक सांगत होते. ते बाहेरच्या बाकड्यापर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं. वाचकहो, अशा बाकड्यावर आपण सगळेच कधी ना कधी बसलो आहोत. समोरच्याला आपण दिसत असतो, आपल्याला तो ऐकू येत असतो, आणि तरी मधे एक 'मीटिंग' असते!

ती पत्रकारिता आणि जनसंज्ञापन या विषयात एम.ए. करत होती. दुसरं वर्ष, शेवटचं सत्र, लघुप्रबंध बाकी. वय एकोणचाळीस. वर्गातली बाकीची मुलं बावीस-तेवीसची, त्यामुळे पहिल्याच दिवशी ती सगळ्यांची 'ताई' झाली आणि हळूहळू शिक्षकही तिला ताईच म्हणू लागले. त्याआधी अकरा वर्षं तिने टेलिफोन कंपनीच्या तक्रार कक्षात काढली होती. "आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे" हे वाक्य तिने किती हजार वेळा म्हटलं असेल, देव जाणे. नोंदवलेल्या तक्रारीचं पुढे काय होतं, हे मात्र तिला कधी कुणी सांगितलं नाही. त्याच चिडीतून ती नोकरी सोडून पुन्हा वर्गात येऊन बसली होती, आणि लघुप्रबंधाचा विषयही तिने तसाच घेतला होता: बातमीत ज्यांचं नाव आरोपी म्हणून छापून येतं, त्यांचं पुढे काय होतं, आणि ते वर्तमानपत्र वाचकांना सांगतं का?

तासाभराने मीटिंग संपली.

"ताई, विषय चांगला आहे, पण नको," सर म्हणाले. "कोर्टात कोण दाद देणार तुम्हाला? 'सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम' घ्या. शंभर प्रश्नावल्या भरून घ्या, चार आलेख काढा, मोकळ्या व्हा. मागच्या वर्षी अकरा जणांनी तोच घेतला."

"म्हणूनच नको म्हणते, सर."

"अहो, मी तुमच्या भल्याचं सांगतोय. सगळ्यांनाच जग बदलायचं असतं पहिल्या सत्रात. चौथ्या सत्रात डिग्री हवी असते." मग खिशातलं पेन काढून त्यांनी अर्जावर सही ठोकली. "घ्या. पण मग रडत येऊ नका माझ्याकडे."

ती रडत गेली नाही, पण पुढचे दोन महिने तिने जे सोसलं त्याला रडगाणंच म्हणावं लागेल. कोर्टाच्या कार्यालयात अर्जाचा नमुना बदलला होता आणि नवा नमुना छापून यायचा होता. पोलीस ठाण्यात ज्यांना माहिती होती ते रजेवर होते आणि जे होते त्यांना माहिती नव्हती. पत्त्यावर जाऊन दार वाजवावं, तर "पेपरातल्या बातमीबद्दल आलेय" म्हणताच दार तोंडावर बंद. एका गृहस्थांनी तर जिन्यावरूनच ओरडून सांगितलं, "पुन्हा दिसलात तर बादली ओतीन!"

नाही म्हणायला एक जागा अशी होती जिथे तिला कुणी हाकललं नाही. शहरातल्या मोठ्या दैनिकाच्या इमारतीत, तळमजल्यावर, जुन्या अंकांची खोली होती. पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत तिने याच दैनिकात शिकाऊ बातमीदार म्हणून दोन महिने उमेदवारी केली होती, त्यामुळे दारावरचा पहारेकरी ओळखीचा होता. त्या खोलीत 'कानामात्रा काका' बसत. चौतीस वर्षं त्यांनी या दैनिकात मुद्रितशोधकाचं काम केलं, म्हणजे छापायला जाण्याआधी प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घातली. निवृत्तीनंतर कुठला अंक कुठल्या कपाटात आहे हे कुणालाच सापडेना, म्हणून मालकांनी त्यांना परत बोलावलं. एका कानाने कमी ऐकू यायचं, पण चुकलेली वेलांटी त्यांना पाच हातांवरून दिसायची.

ताई तिथे बसून एका वर्षाचे अंक चाळत होती; एकशेचाळीस बातम्या गोळा करायचं तिने ठरवलं होतं. ज्या बातमीत सामान्य माणसाचं पूर्ण नाव आरोपी किंवा संशयित म्हणून छापलेलं, ती बातमी ती वहीत उतरवून घ्यायची, क्रमांक घालायची, आणि मग त्याच माणसाबद्दल पुढे काही छापून आलंय का ते शोधायची. साठ बातम्या झाल्या तरी शेवटचा रकाना जवळजवळ कोराच होता.

चौसष्टाव्या बातमीपाशी तिचा हात थांबला.

पान तीन, वरचा कोपरा. 'प्रयोगशाळेतून पेपर फोडला. महिला कर्मचाऱ्याचा प्रताप'. खाली शाळेच्या प्रयोगशाळा सहायक बाईंचं पूर्ण नाव, वय, राहण्याची गल्ली. ओळखपत्रावरचा फोटो.

ही बातमी तिने स्वतः लिहिली होती!

उमेदवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. पोलीस ठाण्यातून आलेलं अर्ध्या पानाचं टिपण तिच्या टेबलावर पडलं होतं आणि "पंधरा मिनिटांत द्या" असं वृत्तसंपादक जाता जाता म्हणाले होते. तिने दिलं. शीर्षक वाचून ते खूश झाले, "वा, प्रताप! जमतंय की तुम्हाला!" म्हणाले. ती पहिली छापून आलेली बातमी म्हणून तिने कात्रण घरी नेलं, नवऱ्याने ते सगळ्या नातेवाइकांना मोबाइलवर पाठवलं, आणि नणंदेने तर "आमच्या वहिनी पत्रकार झाल्या" असं लिहून पुढे ढकललं. त्या आनंदात ज्या बाईचा तो फोटो होता, तिचा विचार कुणाच्या मनाला शिवला नव्हता. ताईच्याही नाही.

तिने घाईघाईने पान उलटलं आणि चौसष्ट क्रमांकावर पुढची बातमी लिहायला घेतली.

"एक सुटली," काका म्हणाले.

"काय?"

"पान तीन. वरचा कोपरा. पेपरफोडी. तुमच्या नियमात बसते की. नाव आहे, फोटो आहे."

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "काका, ती माझी आहे."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला, आणि अंक आपल्याकडे ओढला. त्यांनी सबंध बातमी वाचली. अगदी सावकाश, प्रूफ वाचावं तशी.

"व्याकरण शुद्ध आहे," ते म्हणाले. "मूळ टिपणात काय होतं?"

"'पेपर फोडल्याप्रकरणी कथित सहभागाबाबत चौकशी सुरू' असं काहीतरी."

"आणि 'कथित' कुठे गेलं?"

"रकान्यात बसत नव्हतं."

"तीन अक्षरं बसली नाहीत. आणि 'प्रताप' बसला." काका हसले नाहीत. "पुढे काय झालं या बाईंचं?"

"माहीत नाही."

"मग विषय कशाला घेतलात हा?"

ताईची कानशिलं तापली. "काका, मी फक्त आलेलं टिपण उतरवलं. माझं काय चुकलं? वरचे लोक बघतात ना! शिवाय माझाच नमुना माझ्याच अभ्यासात घेतला तर परीक्षक म्हणतील, हा अभ्यास तटस्थ नाही."

"असं बघा," काका म्हणाले, "'दिन'ची वेलांटी चुकली तर 'दीन' होतो. असल्या वेलांट्या पकडण्यात माझी चौतीस वर्षं गेली. चूक पकडली नाही तर दुसऱ्या दिवशी साहेब मला उभं करायचे. पण इथे अख्खा माणूस दीन झाला असेल, तर त्याबद्दल कुणी कुणाला उभं करत नाही. टिपण पाठवणारा म्हणतो मी नुसतं पाठवलं. तुम्ही म्हणता मी नुसतं उतरवलं. साहेब म्हणतात मी नुसतं पास केलं. वाचणारा म्हणतो मी नुसतं वाचलं. मग त्या बाईला जे झालं ते केलं तरी कुणी?"

ताईने वही मिटली आणि ती तशीच उठून घरी गेली.

घरी नवरा मीटर दुरुस्तीच्या पेटीतली हत्यारं नीट लावत बसला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "सोडून दे ती एक बातमी. एकशेचाळीसमध्ये एक कमी, कोण मोजतंय? तुझी डिग्री तोंडाशी आलीय, उगाच कशाला अंगावर ओढवून घेतेस?" तो वाईट माणूस नव्हता. आपणही घरच्या माणसाला हेच सांगितलं असतं. पण त्याचं बोलणं ऐकता ऐकता ताईला तक्रार कक्षातला आपलाच आवाज ऐकू आला. किती गोड, किती शांत, आणि समोरच्याच्या काडीच्याही उपयोगाचा नाही!

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या गल्लीत गेली.

त्या घरात आता दुसरेच लोक राहत होते. शेजारच्या बाईंनी पत्ता सांगितला, वर "तीच ना, पेपरफोडी?" असंही विचारलं. दोन बस बदलून ताई एका पडदे शिवण्याच्या कारखान्यात पोचली. लांबच लांब टेबलं, कापडाचे ढीग, बारा-चौदा मशीनचा खडखडाट. शाळेतली मुलं जिला 'लॅबबाई' म्हणायची ती बाई शेवटच्या मशीनवर पडद्यांना कड्या लावत होती. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, बारीक अंगाची, हातावर आम्लाचा जुना डाग.

"मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे," ताईने सुरुवात केली.

"झालं की लिहून. आता काय राहिलंय?"

"ती बातमी... ती मी लिहिली होती."

मशीन थांबलं. लॅबबाईंनी तिच्याकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. ताईला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, कुणीतरी दाढीवाला, तापट बाप्या असेल. तुम्ही तर माझ्यासारख्याच दिसता."

त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या आवरणात घातलेला एक कागद काढला. शाळेच्या चौकशी समितीचं पत्र. पेपर शाळेतून फुटलाच नव्हता, तो छपाईच्या ठिकाणाहून बाहेर गेला होता. 'सदर कर्मचाऱ्याचा या प्रकाराशी कोणताही संबंध आढळून आला नाही.' पोलिसांनीही नाव वगळलं होतं. बातमीनंतर पाच महिन्यांनी. पण नोकरी वर्षावर्षाच्या कंत्राटावर होती, आणि तोवर ते कंत्राट संपलं होतं.

"हे पत्र घेऊन तुम्ही पेपरच्या कार्यालयात गेला नाहीत?"

"तीनदा. खालच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला, शिक्का मारला. म्हणाल्या, तुमची तक्रार नोंदवलीय."

ताईने मान खाली घातली.

"मी चार ठिकाणी मुलाखतीला गेले," लॅबबाई सांगू लागल्या. "सतरा वर्षांचा अनुभव आहे माझा. आत बोलावतात, बसवतात, पाणी देतात. मग टेबलाखाली हळूच मोबाइलवर माझं नाव टाकतात. मला कळतं. डोळे खाली जातात ना, आणि वर येतात तेव्हा वेगळेच असतात. मग विचारतात, 'इतकी वर्षं होतात तिथे, मग सोडलं का?' मी हे पत्र काढते. कुणी हातात घेत नाही हो! 'असू दे, असू दे' म्हणतात." त्यांनी कागद परत पिशवीत घातला. "येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी एका विज्ञान महाविद्यालयात मुलाखत आहे. जाऊ की नको, तेच ठरत नाहीये. पुन्हा तेच टेबल, पुन्हा तेच डोळे."

"माफ करा मला," ताई म्हणाली.

"माफी घेऊन मी काय करू? नाव टाकल्यावर जे पहिलं दिसतं ते बदला. जमेल?"

ताईला "बघते" म्हणायचं होतं. सवयीने तोच शब्द जिभेवर आला होता. पण ती म्हणाली, "बदलते."

म्हणणं सोपं होतं. वृत्तसंपादकांनी तिला पंचवीस मिनिटं उभं ठेवलं, कारण कुठल्या तरी पाहुण्यांचं छायाचित्र पहिल्या पानावर घ्यायचं की शेवटच्या, यावर चर्चा चालू होती.

"वर्ष होत आलं त्याला!" ते म्हणाले. "आता कुणाच्या लक्षात आहे? उलट आपण पुन्हा छापलं तर लोकांना आठवेल."

"लोकांना आठवायची गरजच नाही, सर. मोबाइलला आठवतं."

"हे बघा ताई, आपण खोटं छापलं नव्हतं. तेव्हा चौकशी चालू होती, हे खरंच होतं ना?"

"आपण 'चौकशी चालू' असं छापलं नाही. 'प्रताप' छापला."

ते वैतागले. "ठीक आहे, ठीक आहे. टाकतो खुलासा. जा आता."

तिसऱ्या दिवशी खुलासा आला. ताईला तो शोधायला वीस मिनिटं लागली. पान अकरा, तळाशी, हरवलेल्या कागदपत्रांची नोटीस आणि जुन्या फर्निचरची जाहिरात यांच्या मधे चार ओळी: 'गेल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तातील एका शालेय महिला कर्मचाऱ्याचा संबंधित प्रकाराशी संबंध नसल्याचे कळते.' नाव नाही. शाळा नाही. संकेतस्थळावर तर काहीच नाही. तिथे फोटो, शीर्षक, सगळं जसंच्या तसं.

संताप म्हणजे काय, हे ताईला त्या सकाळी कळलं. आरोप करताना पूर्ण नाव, वय, गल्ली, फोटो! आणि निर्दोष म्हणताना 'एक महिला कर्मचारी'! आरोपाला चेहरा होता, निर्दोषत्वाला साधं नावही मिळालं नाही!

ती तणतणत काकांकडे गेली आणि अंक त्यांच्या टेबलावर आपटला. "तुमचं वर्तमानपत्र!"

काकांनी चार ओळी वाचल्या. "'कळते' म्हणे," ते पुटपुटले. "पत्र हातात असताना 'कळते'." मग म्हणाले, "तुमचं चुकलं, ताई."

"माझं? आता माझं काय चुकलं?"

"तुम्ही मागितलंत खुलासा. खुलासा काय, कुणीही टाकतो. तुम्ही बातमी द्यायला हवी होती. चूक कशी झाली, कुणी केली, आता सत्य काय आहे. ज्या हाताने आरोप लिहिला त्याच हाताने लिहा. वर तुमचं नाव घाला. बिननावाचा खुलासा म्हणजे बंद खोलीत मागितलेली माफी. बाहेर कुणाला ऐकू येतेय?"

"माझं नाव घातलं तर उद्या मला नोकरी कोण देईल? मला या क्षेत्रात यायचंय, काका!"

"त्या बाईही एका क्षेत्रात होत्या," काका म्हणाले, आणि पुन्हा आपल्या कपाटाकडे वळले.

ताई त्याच टेबलावर बसली. तिने तीन कागद फाडले. चौथ्यावर तिने लिहिलं की गेल्या वर्षी अमुक तारखेला या दैनिकात आलेली बातमी मी लिहिली. टिपणातला 'कथित' हा शब्द मी काढला. 'प्रताप' हा शब्द मी घातला. संबंधित बाईंना मी फोन केला नाही, शाळेला विचारलं नाही. चौकशीत त्या निर्दोष ठरल्या. खाली लॅबबाईंचं पूर्ण नाव, त्यांच्या अनुभवाची वर्षं, समितीच्या पत्राचा क्रमांक. आणि सगळ्यात वर, बातमीदाराच्या जागी, तिचं स्वतःचं नाव.

वृत्तसंपादकांनी ते वाचलं आणि खुर्चीतून अर्धे उठले. "डोकं ठिकाणावर आहे का? हे छापलं तर पेपरची बदनामी होईल!"

"आणि त्या बाईंची झाली ती?"

"तो वेगळा मुद्दा आहे."

"सर, एकच करा," ताई म्हणाली. "त्यांचं नाव तुमच्या मोबाइलवर टाका. समजा, त्या तुमच्याकडे नोकरी मागायला आल्यात. टाका ना!"

त्यांनी चिडूनच नाव टाकलं. पहिली त्यांच्याच दैनिकाची बातमी. खाली तीच उचललेली आणखी पाच ठिकाणं. कुणी तरी फोटोवर लाल गोल काढला होता. एका ठिकाणी लोकांनी खाली लिहिलेलं होतं ते त्यांनी वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीवर थांबले. त्यांचे डोळे वर आले. लॅबबाईंनी सांगितले होते तसे 'वेगळे' नव्हते ते. थकलेले होते.

"हे शीर्षक मीच पास केलं होतं," ते हळू म्हणाले. "वा, प्रताप, म्हणालो होतो ना मी तुम्हाला?"

"हो."

"तुमचं नाव एकटं नको. खाली एक ओळ वाढवा. 'हे वृत्त तपासण्याची जबाबदारी वृत्तसंपादकांची होती.' आणि पान तीन. वरचा कोपरा. जिथे ते आलं होतं, तिथेच." मग संगणकावर बसणाऱ्या मुलीला त्यांनी हाक मारली. "संकेतस्थळावरच्या जुन्या बातमीचं शीर्षक काढ. वर ठळक टाक, त्या निर्दोष ठरल्यात म्हणून. फोटो आधी काढून टाक, मग बाकीचं बोलू. आणि ज्या पाच जणांनी उचललीय त्यांनाही कळव."

शनिवारी ते छापून आलं. सोमवारी लॅबबाईंची मुलाखत होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ताईची मौखिक परीक्षा झाली. सरांनी आधीच बजावलं होतं, "चौसष्ट नंबर गाळा. परीक्षक बाहेरचे आहेत." तिने गाळला नाही. एकशेचाळीस बातम्या, त्यातल्या, तिची स्वतःची दुरुस्ती सोडून, फक्त सहांचं पुढे काय झालं ते छापून आलं होतं, आणि त्या सहांपैकी पाच शिक्षा झालेले. निर्दोष सुटलेल्याची बातमी एकच, तीही माणूस ओळखीचा व्यापारी होता म्हणून. "आणि चौसष्टावी बातमी माझी आहे," असं म्हणून तिने ती पहिल्यापासून सांगितली.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी लघुप्रबंध मिटून बाजूला ठेवला. मग त्यांनी सरांना विचारलं, "तुम्ही वृत्तलेखन शिकवता ना? चूक दुरुस्त कशी करायची, हे कुठल्या सत्रात आहे?"

सर अभ्यासक्रमाची पुस्तिका चाळू लागले. चाळतच राहिले. शेवटी पुस्तिका मिटून म्हणाले, "कुठल्याच नाही." आणि थोड्या वेळाने, ताईकडे न बघता, "माझीही आहेत अशी एक-दोन. वार्ताहर होतो तेव्हाची. मी कधी मागे वळून पाहिलं नाही." पुढच्या सत्रापासून त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना एक काम लावलं: जुनी एक बातमी घ्यायची, तिच्यातल्या माणसाला शोधायचं, आणि त्याचं पुढे काय झालं ते लिहून आणायचं. मुलं कुरकुरली. सर ऐकेनात. आता ते मीटिंगमध्ये असले तरी या कामाच्या मुलांसाठी दार उघडं असतं, असं विभागातल्या बाईच सांगतात.

एम.ए.च्या निकालाच्या आदल्या दिवशी लॅबबाईंचा फोन आला.

"नाही झाली निवड," त्या म्हणाल्या.

ताईने घाईने विचारलं, "का? पुन्हा तेच विचारलं?"

"छे हो! तेच तर सांगायला फोन केला. त्यांनी नाव टाकलं, माझ्यासमोरच टाकलं. वाचलं. 'वाईट झालं तुमच्या बाबतीत' म्हणाले, आणि लगेच विचारलं, अमुक द्रावण किती तीव्रतेचं करायचं असेल तर कसं कराल? अर्धा तास नुसतं रसायनशास्त्र! इतके महिने पडदे शिवून शिवून विसरलेय मी. एका प्रश्नाला चक्क उलटं उत्तर दिलं." आणि त्या मोठ्याने हसल्या. ताईने त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं. "नापास झाले, पण माझ्या चुकीने झाले, ताई! दुसऱ्याच्या नाही! आता पुस्तकं काढलीयेत जुनी. पुढच्या महिन्यात आणखी एका ठिकाणी जागा निघतेय."

फोन ठेवल्यावर ताई किती तरी वेळ हसत होती आणि डोळे पुसत होती.

वाचकहो, माणसाला आपल्या चुकीने पडण्याचा आणि पुन्हा उठण्याचा हक्क असतो; दुसऱ्याच्या घाईने त्याला कायमचं पाडून ठेवण्याचा हक्क कुणालाच नाही. बातमी लिहिणारे थोडे असतात. पण वाचणारे, शेजाऱ्याला सांगणारे, मोबाइलवरून पुढे ढकलणारे आपण सगळे आहोत. आरोप जितक्या मोठ्या आवाजात आपण पसरवला, निर्दोषत्वही तितक्याच मोठ्या आवाजात, नाव घेऊन, आपणच सांगितलं पाहिजे. आणि ते सांगण्याआधी, आज, आत्ता, एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे: आपण ज्याच्याबद्दल बोललो, त्याचं पुढे काय झालं?